एक घर, तीन चुली

पाकिटाला सही घेऊन पोच परत पाठवायचं हिरवं कार्ड चिकटवलेलं असलं की आतली बातमी बरी नसते, एवढं ह्यूस्टनमध्ये इतकी वर्षं काढल्यावर कळतं. मार्च २०२३ मधल्या एका शनिवारी पोस्टमन त्या कार्डावर सही घ्यायला दारात उभा होता. आत चार पानं आणि सात फोटो. पहिल्या फोटोत आमच्या जुन्या घरापुढच्या हिरवळीवर दोन चाकं चढवून उभी असलेली पांढरी पिकअप. दुसऱ्यात कचऱ्याचा काळा डबा, झाकण अर्धवट उघडं, वर तीन पिशव्या ठेवलेल्या. सिटी घरटी एकच काळा डबा देते. सातवा फोटो मात्र घराचा नव्हताच. ती मी स्वतः देशी लोकांच्या ग्रुपवर टाकलेली जाहिरात होती: स्वतंत्र खोली, दाराला स्वतंत्र कुलूप, स्वतंत्र स्वयंपाकाची सोय. 'स्वतंत्र' हा शब्द मी तीनदा लिहिला होता. त्या तिन्ही ठिकाणी कुणीतरी पिवळा हायलायटर फिरवला होता.

आधी घराबद्दल सांगते. २००६ साली घेतलेलं आमचं हे पहिलं घर. नैऋत्य ह्यूस्टनमध्ये, साठच्या दशकातलं, विटांचं, चार बेडरूमचं, वर एक मोठी गेमरूम. पुढे शुगरलँडला राहायला गेलो तेव्हा ते विकलं नाही, भाड्याने दिलं. महिन्याला २१०० डॉलर यायचे. टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून भारतातले नातेवाईक हेवा करतात, पण तो पैसा सरकार घरपट्टीतून वसूल करतं आणि ती ३१ जानेवारीच्या आत भरावी लागते. हार्वी वादळाच्या पुरानंतर विम्याचे हप्तेही चढत गेले. २०२२ मध्ये भाडेकरू सोडून गेले तेव्हा नवऱ्याने हिशेब मांडला: एका कुटुंबाला दिलं तर हातात काही उरत नाही, खोल्या सुट्या दिल्या तर तीन हजार येतात.

खोल्या भरायला दोन आठवडेही लागले नाहीत. वर गेमरूम आणि एक बेडरूम नागपूरच्या जोडप्याला, त्यांना दोन वर्षांची मुलगी. खाली दोन खोल्यांत मेडिकल सेंटरला नोकरी करणाऱ्या केरळच्या दोघी नर्स, एकमेकींच्या मैत्रिणी. उरलेल्या खोलीत एक इंजिनिअर, जो पासाडेनाकडच्या रिफायनऱ्यांमध्ये दुरुस्तीसाठीच्या शटडाऊनच्या कामांवर जायचा. सहा आठवडे रात्रपाळी करायची आणि मग आठवडाभर झोपून काढायचा. सगळी गुणी माणसं. भाडं एक तारखेला खात्यात जमा. तीन वेगळे करार, तीन सह्या. आपण फार हुशारी केली असं मला वाटत होतं.

पत्र होतं वसाहतीच्या घरमालक संघटनेचं, म्हणजे एचओएचं. त्यात लिहिलं होतं की घराचा वापर डीड रिस्ट्रिक्शन्सच्या, म्हणजे दस्तातल्या बंधनांच्या, विरुद्ध चालला आहे, एकाहून अधिक कुटुंबं राहत आहेत, ठरावीक मुदतीत दुरुस्ती करा, आणि हवी असेल तर तीस दिवसांच्या आत सुनावणी लेखी मागा. त्याआधी साध्या टपालाने दोन गोड पत्रं येऊन गेली होती. ती आम्ही फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली होती.

इथे भारतातल्या वाचकांसाठी थोडं थांबते. झोनिंग म्हणजे कुठे घरं आणि कुठे दुकानं हे शहराने ठरवून देणं. ह्यूस्टन हे अमेरिकेतलं झोनिंग नसलेलं सर्वात मोठं शहर. झोनिंग आणायचं का, हा प्रश्न १९४८, १९६२ आणि १९९३ साली मतदारांपुढे गेला आणि तिन्ही वेळा लोकांनी नाही म्हटलं. म्हणजे घराशेजारी टायरचं दुकान निघालं तर महापालिका जमीनवापराच्या नावाखाली ते अडवू शकत नाही. मग वसत्यांचं काय? तर प्रत्येक वसाहत वसवताना बिल्डरने कौंटीत, म्हणजे जिल्ह्याच्या दफ्तरात, एक दस्त नोंदवलेला असतो: इथे फक्त राहती घरं, पुढे इतके फूट मोकळे सोडायचे, कोंबड्या पाळायच्या नाहीत, आणि बरंच काही. ही बंधनं मालकावर नसतात, जमिनीवर असतात. घर कितीही वेळा विकलं गेलं तरी ती सोबत जातात. सोसायटीचे उपविधी म्हणून समजावायला गेलं की गडबड होते. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यातली नोंद किंवा 'भोगवटादार वर्ग २' ची जमीन डोळ्यांपुढे आणा, म्हणजे लगेच कळेल. आणि ह्यूस्टनची गंमत अशी की स्वतः झोनिंग न करणारं हे शहर बिल्डरने लिहिलेली ही बंधनं पाळायला लावण्यासाठी स्वतःचे वकील कोर्टात पाठवू शकतं.

आम्ही वकील शोधला. तासाला ३५० डॉलर. पहिला प्रश्न त्याने विचारला, "रिस्ट्रिक्शन्स वाचलीत का?" मी म्हटलं, घर घेताना आम्हाला कुणी दिलीच नव्हती. त्याने आमच्या २००६ च्या फायलीतून टायटल कमिटमेंट, म्हणजे मालकी तपासून खरेदीआधी दिलेला कागद, काढला, त्यातलं शेड्यूल बी हे अपवादांच्या यादीचं पान उघडलं आणि पहिल्याच मुद्द्यावर बोट ठेवलं. दस्ताचा खंड आणि पान क्रमांक छापलेला होता. शेजारी आम्हा दोघांची आद्याक्षरं होती. क्लोजिंगच्या, म्हणजे घर नावावर होण्याच्या, दिवशी दीड तासात शंभरेक सह्या करताना तेही पान पुढे सरकवलं होतं.

त्या रात्री हॅरिस कौंटी क्लार्कच्या संकेतस्थळावर बसून मी तो दस्त शोधला. आधी चुकून शेजारच्या वसाहतीचा उघडला. तो चाळीसच्या दशकातला होता. टाइपरायटरची अक्षरं, काही ठिकाणी शाई फुटलेली. वाचता वाचता एक कलम आलं: इथे गोऱ्या वंशाखेरीज कुणी राहू नये, घरगड्यांचा अपवाद. सर्वोच्च न्यायालयाने शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात १९४८ साली असली कलमं कोर्टातून बजावता येणार नाहीत असं ठरवलं, म्हणजे ते कलम केव्हाच मेलेलं. पण कागदावर ते आहे तिथेच आहे. ते काढून टाकण्याची सोय टेक्ससच्या विधिमंडळाने केली ती २०२१ साली. त्याच रस्त्यावरून मी रोज मुलांना शाळेत सोडत होते. चहा गार झाला आणि मी तो तसाच प्यायले.

मग आमचा दस्त सापडला. वापराच्या कलमात लिहिलं होतं की प्रत्येक घरात एकच कुटुंब राहील, आणि कुटुंब म्हणजे रक्ताच्या, लग्नाच्या किंवा दत्तकाच्या नात्याची माणसं. नातं नसेल तर जास्तीत जास्त दोन, आणि तीही 'सिंगल हाउसकीपिंग युनिट' म्हणून राहणारी.

दुसऱ्या भेटीत मी तयारीने गेले. नेटवर टार विरुद्ध टिंबरवुड पार्क हा खटला वाचला होता. सॅन अँटोनिओमधला एक माणूस आपलं घर दोन-चार दिवसांसाठी पाहुण्यांना भाड्याने द्यायचा, वसाहतीने हरकत घेतली आणि २०१८ साली टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. मी खुशीत होते. वकिलाने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "तिथल्या कागदात 'सिंगल फॅमिली' हे बांधकामाबद्दल होतं, घर कसं बांधायचं त्याबद्दल. आत कोणी आणि किती दिवस राहायचं यावर कागद गप्प होता, म्हणून कोर्टानेही त्यात शब्द घुसडले नाहीत. तुमचा कागद गप्प नाही." मग त्याने ते 'हाउसकीपिंग युनिट' समजावायला सुरुवात केली: खर्च एकत्र आहे का, किराणा एकत्र येतो का, जेवण एकत्र होतं का, आतल्या दारांना कुलपं आहेत का.

मी म्हटलं, आमच्याकडे याला एकच शब्द आहे. चूल.

त्याला तो सांगताना मला पंधरा मिनिटं लागली, म्हणजे जवळपास नव्वद डॉलर. भाऊ वेगळे झाले की आपण 'चूल वेगळी केली' म्हणतो. आपल्या जनगणनेतही कुटुंब मोजतात ते एका स्वयंपाकघरात जेवणाऱ्यांचं. त्याने वहीत रोमन लिपीत लिहून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या घरात चुली किती?"

खरं उत्तर मला माहीत नव्हतं, म्हणून त्याच संध्याकाळी त्या घरी गेले. वर गेमरूमच्या कोपऱ्यात नागपूरकरांनी टेबल मांडलं होतं: इंडक्शन, मिक्सर, छोटा फ्रिज, मसाल्याचा डबा, भिंतीवर फोडणीचे डाग. खालच्या स्वयंपाकघरात नर्सबाईंची मासळी शिजायची आणि हे दोघं कडक शाकाहारी, म्हणून वर वेगळी सोय. ती सोय मीच सुचवली होती. इंजिनिअरच्या खोलीत मायक्रोवेव्ह आणि त्यावर नूडल्सचे बारा-पंधरा कप. प्रत्येक खोलीच्या दाराला बाहेरून किल्लीचं कुलूप. फ्रिज तीन. बैठकीची खोली रिकामी, सोफ्यावर बसल्याची खूणसुद्धा नाही. सहा माणसं एका छताखाली राहत होती, पण एकमेकांची नावं त्यांना नीट येत नव्हती. माझ्या सासऱ्यांच्या वाड्यात सात बिऱ्हाडं होती. तिथे चुली सात असूनही अंगण एक होतं. इथे मी अंगण वगळून फक्त चुली उचलून आणल्या होत्या.

"तीन," मी फोनवर सांगितलं. "एक मायक्रोवेव्हची, पण चूलच."

वकिलाने मग आकडे सांगितले. बंधन मोडल्याबद्दल कोर्ट दर दिवसाला २०० डॉलरपर्यंत नुकसानभरपाई लावू शकतं. दावा लावणारा जिंकला तर त्याच्या वकिलाची वाजवी फी हरणाऱ्याने भरायची, हा कायदाच आहे. नवऱ्याने भाड्याचा हिशेब केला होता त्याच कागदाच्या मागे मी गुणाकार केला: महिन्याला सहा हजार. आम्ही जास्तीचे कमवत होतो नऊशे. दिलासा एकच. सुनावणी मागितली तर ती संपेपर्यंतची एचओएच्या वकिलाची फी आमच्या माथी मारता येत नाही. आणि नुसत्या दंडापोटी घर जप्त करून विकता येत नाही. कुणाला असं पत्र आलं तर माझा सल्ला हाच, भांडायचं असो वा नसो, सुनावणी मागा, आणि लेखी मागा.

आम्ही मागितली. आपल्याविरुद्धचे कागद दहा दिवस आधी मिळायला हवेत असा नियम आहे. आम्हाला मिळाले सहा दिवस आधी. त्यावर पंधरा दिवसांची मुदतवाढ आपोआप मिळते, ती घेतली. या पंधरा दिवसांत काय साधलं? फक्त झोप. कागदांत मात्र एक जुनी ओळख निघाली. हिरवळीवरच्या पिकअपचे फोटो समोरच्या घराच्या खिडकीतून काढलेले होते. त्या घरातल्या आजींनी २००६ मध्ये आम्ही राहायला आलो त्या संध्याकाळी पेकन पाय हा सुक्यामेव्याचा गोड पदार्थ आणून दिला होता. मी त्यांना नंतर चकल्या दिल्या होत्या. त्या आता एचओएच्या बोर्डावर होत्या.

सुनावणी म्हणजे पोहण्याच्या तलावाशेजारची खोली, क्लोरीनचा वास, घडीच्या खुर्च्या, टेबलामागे पाच माणसं, सगळी बिनपगारी, सगळी दिवसभराच्या नोकरीने दमलेली. ध्वनिमुद्रण करायचा हक्क दोन्ही बाजूंना असतो, म्हणून मी फोन टेबलावर ठेवला. त्यांनीही ठेवला. आधी त्यांनी बोलायचं असतं. व्यवस्थापन कंपनीच्या मुलीने फोटो एकेक करून दाखवले. माझी जाहिरात तिने मोठ्याने वाचली. आपणच लिहिलेलं असं दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला फार वाईट वाटतं.

एका सभासदाने सगळ्या भाडेकरारांच्या प्रती मागितल्या, भाडेकरूंची पार्श्वभूमी तपासून मंजुरी घ्यायची अटही सुचवली. इथे वकिलाला दिलेले पैसे वसूल झाले. तो म्हणाला, भाडेकरू मंजूर-नामंजूर करायचा अधिकार असोसिएशनला नाही. राहणाऱ्यांची नावं, संपर्क, करार कधी सुरू आणि किती मुदतीचा, एवढंच मागता येतं. अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांना ते माहीत होतं.

मग आजी बोलल्या. मला वाटलं होतं, परक्या लोकांबद्दल काही निघेल. तसं काही निघालं नाही. त्या म्हणाल्या, "त्या पिकअपवाल्याचं मला काही नाही, तो माझे डबे रस्त्यापर्यंत ओढून नेतो. पण रात्री अडीचला तो येतो, चारला त्या मुली निघतात, साडेसहाला वरचे. माझ्या खिडकीवर रात्रभर दिवे फिरतात. इथे कोण राहतं असं कुणी विचारलं तर मला सांगता येत नाही. तुम्ही राहत होता तेव्हा सांगता येत होतं." मी उत्तर तयार करून नेलं होतं, त्यात घरांची टंचाई, भाडी, स्थलांतरितांची अडचण असं बरंच होतं. ते खरंही आहे. नव्या देशात क्रेडिट स्कोअर नसलेल्या जोडप्याला खोली कोण देतो? पण तिथे मी एवढंच म्हणाले की गाड्यांचं उद्यापासून बंद होईल.

चाळीस मिनिटांत आटोपलं. तडजोड लेखी झाली: ३१ ऑगस्टपर्यंत एकच करार, एकच कुटुंब, कुलपं आणि वरचं स्वयंपाकाचं सामान काढायचं, तोवर गाड्या ड्राइव्हवेवरच. दंड नाही.

कागदावर हे सोपं दिसतं. इंजिनिअरचा करार महिन्या-महिन्याचा होता, एका महिन्याची नोटीस पुरली. नर्सबाईंचा ऑगस्टला संपतच होता. नागपूरकरांचा डिसेंबरपर्यंत होता. एचओएचं पत्र दाखवून भाडेकरूला घराबाहेर काढता येत नाही. त्यांचा करार माझ्याशी आहे आणि वसाहतीशी नाही. मी त्यांना अख्खं घर देऊ केलं, भाडं कमी करून. तरी त्यांच्या आवाक्याबाहेर होतं. शेवटी डिपॉझिट पूर्ण, वर दोन महिन्यांचं भाडं आणि सामान हलवायचा खर्च, असं ठरलं. त्या जोडप्यातली बायको मला काकू म्हणायची. पायरीवर बसून तिने विचारलं, "काकू, हे तुम्हाला आम्हाला ठेवतानाच माहीत होतं का?" मी नाही म्हटलं. माहीत नव्हतं हे खरं आणि माहीत करून घेतलं नव्हतं हेही खरं. दिवाळीत तिच्या नव्या अपार्टमेंटवर फराळाचा डबा देऊन आले. आठवड्याने डबा परत आला. स्वच्छ घासलेला, पुसलेला, रिकामा.

सप्टेंबरात दारांमधली कुलपांची भोकं पुट्टीने बुजवली, गेमरूमची भिंत रंगवली. फोडणीचे डाग दोन हात देऊनही दिसतच राहिले, तिसरा दिला.

ऑक्टोबरपासून घरात एक व्हिएतनामी कुटुंब आहे. आजी-आजोबा, मुलगा-सून, तीन नातवंडं, मुलाची बहीण आणि सुनेचा भाऊ. नऊ माणसं, चार गाड्या. आधी सहा होती तर बेकायदा, आता नऊ आहेत तर कागदाप्रमाणे चोख. टेक्ससचा कायदा बेडरूममागे तीन प्रौढांपर्यंत मुभा देतो, त्यामुळे त्याही बाजूने हरकत नाही. एकच करार, २४५० डॉलर. काळा डबा अजूनही झाकण उघडं ठेवून उभा असतो, पण समोरच्या आजींनी तक्रार केलेली नाही. त्यांच्याकडे म्हणे दर रविवारी स्प्रिंग रोल जातात.

गेल्या महिन्यात थोरल्या नातवाचा फोन आला. आजीला मासे तळायला घरात नको वाटतं, वास पडद्यांना लागतो. तर मागच्या पडवीत एक गॅसचा बर्नर मांडला तर चालेल का? मी म्हटलं, उद्या सांगते. फोन ठेवला, कपाटातून तो दस्त काढला आणि वापराचं कलम पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं.